दहा वर्षांचे छप्पर

छपराला हमी असते, ही कल्पनाच आमच्या आजोबांना हास्यास्पद वाटली असती. कौलारू घराची हमी म्हणजे वैशाखातली शाकारणी! गडी आढ्यावर चढायचा, फुटकी कौले काढायचा, कुजलेली रीप बदलायचा. आणि मृगात पाणी ठिपकलेच, तर त्याच गड्याला हाक मारता येई. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला आणि पुढे मंगळुरी कौल कोकणभर पसरले; पण त्याच्याबरोबर हमीचा कागद काही आमच्या घरी आला नाही. आता पेणपासून रोह्यापर्यंत जागोजागी रंगीत पत्रे दिसतात, आणि पत्र्याबरोबर कागद येतो.

असाच एक कागद माझ्या थोरल्या बहिणीने रोह्याहून पाठविला. मराठी शिकवितो, तेव्हा घरातले कागद वाचण्याचे काम माझ्याकडेच! ताईच्या पत्र्याला चौथ्याच पावसाळ्यात भोके पडली होती. दुकानदार म्हणाला होता, "वहिनी, दहा वर्षं वर बघायला नको." कागदावर दहा वर्षे होतीच, पण खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिले होते, की खाऱ्या वाऱ्याचा आणि रासायनिक कारखान्यांचा परिसर यातून वगळला आहे. पेणच्या अंगाला खाडी, रोह्याला धाटावची औद्योगिक वसाहत! मग ही हमी नेमकी कोणत्या गावच्या छपरासाठी?

शिवाय हमी पत्र्याची, बसविण्याची नव्हे. भोके स्क्रूच्या कडेला, म्हणून कंपनी मिस्त्रीकडे बोट दाखविते. मिस्त्री म्हणतो, पत्राच पातळ. वादळ तर बहुतेक हमीपत्रांतून आधीच बाद केलेले असते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तसल्या दिवसासाठी विमाच हवा.

सारा शब्दांचा खेळ आहे. १९३० च्या मालविक्री कायद्यात मुख्य अट मोडली तर माल नाकारता येतो. 'वॉरंटी' मोडली तर केवळ भरपाई मागता येते. मुख्य वाक्य आणि गौण वाक्य, असाच हा भेद म्हणा ना!

ग्राहकाची बाजू मात्र अगदीच लंगडी नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे पुरेशा चाचणीवाचून वस्तूच्या आयुष्याची हमी देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि चाचणी केली होती असे म्हणणाऱ्यानेच ती सिद्ध करायची असते. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पण त्यासाठी कंपनीच्या गावी खेटे घालायला नकोत, आपल्या जिल्ह्यात, म्हणजे अलिबागला, ती करता येते.

नवा पत्रा घेणाऱ्यांनी बिलावर पत्र्याची जाडी, मुलाम्याचे वजन आणि घर ज्या गावी आहे त्याचे नाव लिहून घ्यावे. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्यावे. ताईने पावती जपली होती, आणि तिच्या पाठीवर दुकानदाराने स्वहस्ते लिहिले होते, 'रोहा, दहा वर्षे'. तोच कागद आम्ही तक्रारीला पहिला जोडला.