पंख्याविना पळणारी बोट

फुगा फुगवून तोंड न बांधताच सोडून दिला तर काय होतं? हवा मागे सुटते अन् फुगा पुढे पळतो. याच युक्तीवर चालणारी बोटही आहे, बरं का!

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-वारणेला महापूर आला. आमच्या आष्ट्याच्या आसपासची कितीतरी गावं पाण्यात गेली. माणसांना काढायला बोटी आल्या. मागे इंजिन, खाली पाण्यात फिरणारा पंखा. पूर ओसरल्यावर वर्गात एकानं विचारलं, "सर, पाण्याखाली ऊस असतो, तारेचं कुंपण असतं. पंख्यात अडकलं तर?"

असाच पेच न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांच्यापुढे होता. तिथल्या नद्या उथळ, तळाशी दगडगोटे. पंखा आपटणारच! म्हणून १९५० च्या दशकात त्यांनी बोटीच्या पोटातच पंप बसवला. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढायचं आणि मागच्या तोंडातून जोरानं फेकायचं. धार मागे, बोट पुढे! वळायचं असेल तर ते तोंडच डावी-उजवीकडे फिरवायचं. मागे यायचं असेल तर धारेपुढे झडप पाडायची.

१९७७ साली एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी अशा तीन बोटी घेऊन गंगासागरहून निघाले. गंगेच्या प्रवाहाविरुद्ध ते थेट हिमालयात, नंदप्रयागजवळ पोहोचले. तिथं मात्र धबधब्यानं वाट अडवली. आज आपल्या तटरक्षक दलाच्या काही गस्ती बोटी याच धारेच्या जोरावर ताशी ८० किलोमीटरहून अधिक वेगानं धावतात.

मग पुरात हीच बोट बरी का? थांबा! पाला, गवत, प्लास्टिक जाळीवर बसलं, की पाणी आत येत नाही. आणि इंजिन बंद तर धार बंद. मग बोट वळणार कशी? म्हणजे यंत्र बदललं तरी सावधगिरी हवीच.

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ इथं पुरातून माणसं नेणारी बोट उलटली. कितीतरी घरांतली माणसं गेली. म्हणून बोट पंख्याची असो की धारेची, अंगात लाइफ जॅकेट असल्याशिवाय चढायचं नाही. अन् बोट भरली असेल तर पुढच्या खेपेची वाट पाहायची. घरच्या मोठ्यांनाही हे आवर्जून सांगा.

आता एक प्रयोग. रिकाम्या बाटलीवर फुगा बसवा, त्याच्या तोंडात नळी घाला, नळीचं टोक मागे पाण्यात ठेवा आणि सोडा बादलीत. कुठं पळते बघा तुमची बोट!