मुंबईतला व्याजदर आणि तिरोड्याची चूल

रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या विचारांवर उभी आहे, हे आपण दर १४ एप्रिलला अभिमानाने सांगतो. अभिमान रास्तच आहे. पण ही बँक नेमके काय करते आणि तिच्या निर्णयाने तिरोड्याच्या बिडी कामगार भगिनीच्या चुलीवर काय परिणाम होतो, असे आपल्या मुलाने विचारले तर किती घरांत उत्तर मिळेल? ज्या महामानवाने रुपयावर प्रबंध लिहिला, त्याच्या अनुयायांनी रुपयाची चाल समजून घेतलीच पाहिजे, असे आम्हाला वाटते.

बाबासाहेबांचा मुद्दा

बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. पुढे इंग्रज सरकारने भारतीय चलनाच्या चौकशीसाठी हिल्टन यंग आयोग नेमला. डिसेंबर १९२५ मध्ये बाबासाहेबांनी त्याच्यापुढे साक्ष दिली. आयोगाने १९२६ साली मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँकेचा कारभार सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर १ जानेवारी १९४९ पासून ती राष्ट्राच्या मालकीची झाली. आपल्याच समाजातील डॉ. नरेंद्र जाधव पुढे या बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ झाले.

त्या काळी वादाचा विषय होता तो रुपयाचा विदेशी चलनाशी असलेला भाव. बाबासाहेबांनी प्रश्नाची दिशाच बदलली. रुपयाने लंडनमध्ये किती पेन्स मिळतात यापेक्षा त्या रुपयाने इथल्या माणसाला किती धान्य मिळते, हे महत्त्वाचे, असे त्यांनी मांडले. रुपया घसरला की व्यापारी खूश होतो, कारण मालाचा भाव लगेच चढतो. मजुरी मात्र मागे रेंगाळते. म्हणजे व्यापाऱ्याचा तो नफा आकाशातून पडत नाही, तो मजुराच्या ताटातून जातो. म्हणून नोटा काढणाऱ्याच्या हातावर बंधन हवे, ही त्यांची मागणी होती.

महागाईचे गणित

आपल्या भागातील बिडी कामगाराला हजार बिड्यांमागे मजुरी मिळते. समजा, घरात महिन्याला ६,००० रुपये येतात आणि ते सारे खर्च होतात. वर्षात महागाई सात टक्क्यांनी वाढली, तर तेच तेल, तीच डाळ, तेच औषध घ्यायला ६,४२० रुपये लागतील. मजुरी तितकीच राहिली, तर कोणी खिशात हात न घालता ४२० रुपये गेले! पगारदाराला महागाई भत्ता मिळतो, भांडवलदार भाव वाढवतो; हातावर पोट असलेल्याकडे दोन्ही नाही.

हे थांबवण्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेवर आहे. २०१६ साली कायद्यात दुरुस्ती करून महागाई चार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दोन ते सहा टक्क्यांच्या मध्ये ठेवण्याचे बंधन तिच्यावर घातले गेले. व्याजदर ठरवणारी समिती सहा जणांची असते. तीन बँकेचे, तीन केंद्र सरकारने नेमलेले. बँकांना रिझर्व्ह बँक ज्या दराने थोड्या मुदतीसाठी पैसे देते, तो रेपो दर. तो वाढला की कर्जे महागतात, लोक कर्ज कमी काढतात, बाजारातली मागणी ओसरते आणि भाव थंडावतात. मात्र त्याच वेळी बांधकामे मंदावतात आणि रोजगारही घटू शकतो. एप्रिल २०२२ मध्ये महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली, तेव्हा मे महिन्यापासून दर ४ टक्क्यांवरून वाढवत फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० टक्क्यांवर नेला. पुढे महागाई उतरल्यावर २०२५ साली फेब्रुवारी ते जून या काळात तो ५.५० टक्क्यांवर आणला.

एकच निर्णय, दोन घरे

पण पाऊस पडला नाही, कांदा सडला, तर व्याजदर काय करणार? तिथे सरकारचे धोरण चालते. आपला तालुका धानाचा. २० जुलै २०२३ रोजी केंद्राने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. देशात तांदूळ महागू नये हा हेतू होता. ही बंदी २८ सप्टेंबर २०२४ ला उठली. निर्यात थांबली की विकत घेऊन खाणाऱ्याला दिलासा मिळतो, पण धान विकणाऱ्याला वर चढणारा भाव मिळत नाही. त्याला आधार हमीभावाचा. साधारण धानाचा हमीभाव २०२३-२४ साठी क्विंटलला २,१८३ रुपये होता, २०२५-२६ साठी २,३६९ रुपये. पण खरेदी केंद्रावर नाव नोंदवायला सातबारा लागतो. दुसऱ्याची बांधी बटईने करणाऱ्या आपल्या बांधवाला तिथे अडचण येते आणि तो व्यापाऱ्याच्या दारात जातो. धोरण कागदावर सर्वांसाठी सारखे असते. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याच्यापर्यंत ते पोहोचता पोहोचता अर्धे होते.

कर्जाच्या बाबतीतही तेच

जमीनधारक शेतकऱ्याने तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर फेडले, तर केंद्र आणि महाराष्ट्र शासनाच्या व्याज सवलतींमुळे त्याला व्याज शून्य पडते. भूमिहीन भगिनी मात्र खाजगी फायनान्स कंपनीच्या गटात बसून वीस टक्क्यांहून जास्त व्याज भरते. रेपो दर उतरला तरी तिचा हप्ता उतरत नाही, कारण तो पहिल्या दिवशीच ठरलेला असतो. चाळीस हजार रुपये दोन वर्षांसाठी चोवीस टक्क्यांनी घेतले, तर मासिक हप्त्यांनी सुमारे १०,७५० रुपये व्याज जाते. बारा टक्क्यांनी मिळाले असते, तर सुमारे ५,२०० गेले असते. फरकाचे साडेपाच हजार म्हणजे मुलीच्या वर्षभराच्या वह्या-पुस्तकांचा आणि प्रवासाचा खर्च.

इथे रिझर्व्ह बँकेचेच नियम आपल्या हाताशी आहेत. एप्रिल २०२२ पासून ते लागू आहेत. वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला असे कर्ज विनातारण मिळाले पाहिजे. घरातील सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. दहा हजार मिळकत असेल तर हप्ते पाच हजारांच्या आत. एकूण व्याज आणि खर्च दाखवणारा कागद देणे सावकार कंपनीला बंधनकारक आहे. मुदतीआधी फेडल्यास दंड लावता येत नाही. वसुलीसाठी धमकावणे, अवेळी दारात येणे यांस मनाई आहे. तक्रार आधी कंपनीकडे लेखी द्यावी आणि तिची पोच जपून ठेवावी. तीस दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

१९५४ साली बाबासाहेब भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणुकीला उभे राहिले. तिरोडा तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला, ही सल या भागातील जुन्या माणसांनी आयुष्यभर बाळगली. त्यांना मानणाऱ्या घरांनी निदान एवढे करावे : पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास बसावे. शिकलेल्या मुलामुलींनी भगिनींच्या कर्जाचे कागद मोठ्याने वाचून दाखवावेत, हप्त्यांची बेरीज करून ती मिळकतीच्या निम्म्यावर जाते का ते पाहावे आणि बचत गटामार्फत बँकेकडून कर्ज मिळेल का, याची चौकशी करावी. अंगठ्याआधी वाचन, एवढा नियम जरी प्रत्येक वस्तीने केला, तरी पुष्कळ घरांचे पैसे घरात राहतील.

जयभीम!