हृदयाचे जतन-द्रावण

सुरतेत उधना-लिंबायतच्या मराठी वस्तीत विज्ञानावर बोलताना मला एक प्रश्न हटकून येतो : 'काढलेलं हृदय मुंबईपर्यंत टिकतं कसं?' प्रश्न पुस्तकी नाही. २०१५ पासून सुरतेतील मेंदूमृत दात्यांची हृदये विमानाने मुंबईला गेली आहेत. संमतीचा प्रसंग उद्या कोणाच्याही घरी येऊ शकतो.

'बर्फात ठेवतात' हे उत्तर अर्धेच आहे. तापमान १० अंशांनी उतरले की चयापचयाचा वेग साधारण निम्मा होतो, हा फायदा. पण थंडीत पेशीतून सोडियम बाहेर काढणारा पंपही मंदावतो. सोडियम आत साचतो, त्यामागे पाणी शिरते आणि भिजत घातलेल्या बेदाण्यासारखी पेशी फुगते. हे टाळण्यासाठी विशिष्ट द्रावण वापरतात. कोशात त्याला 'परिरक्षण' म्हणता येईल. मी 'जतन-द्रावण' म्हणतो, ते लगेच कळते.

ही द्रावणे एकसारखी नसतात. सेंट थॉमस द्रावणात सोडियम रक्तातल्या पातळीच्या जवळपास असतो. पोटॅशियम लिटरला सुमारे १६ मिलिमोल, म्हणजे हृदय थांबवण्यापुरता. विस्कॉन्सिन द्रावण पेशीच्या आतल्या रचनेची नक्कल करते : पोटॅशियम सुमारे १२५, शिवाय सूज रोखणारी रॅफिनोज साखर. मात्र एवढा पोटॅशियम हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला बाधेल, ही शंका राहते. एचटीके द्रावणात सोडियम, पोटॅशियम दोन्ही कमी. त्यातले हिस्टिडीन साचणारे आम्ल सौम्य करते. सेल्सिअर खास हृदयासाठी घडवले गेले.

यांपैकी एकही निर्विवाद सरस ठरलेले नाही. कोणतेही वापरले तरी साध्या बर्फपेटीत हृदयाची मर्यादा साधारण ४ तासांचीच मानतात. मूत्रपिंड दिवसभर तग धरते. जोडल्यावर ते लगेच चालले नाही तरी डायलिसिसचा आधार असतो. हृदयाला मात्र जोडताक्षणी काम करावे लागते. म्हणून विमान, म्हणून मोकळे केलेले रस्ते.

शेवटी मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. हे ४ तास हृदयाचा रक्तपुरवठा बंद केल्यावर सुरू होतात. तोवर ते दात्याच्या शरीरात धडधडत असते, आणि मेंदूमृत्यूची तपासणीही कायद्याने किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा करावी लागते. घरच्यांनी एकमेकांशी बोलण्यात घालवलेला वेळ त्या ४ तासांतून वजा होत नाही.