चुकीच्या जागी तुटलेला प्रत्यय

‘आज वार आहे का?’ सुरमई घ्यायची की नाही हे आपल्याकडे अनेक घरांत या प्रश्नावर ठरतं. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाची संकष्टी, आणि पुढे अख्खा श्रावण. एरवी शाकाहारी, पण अधूनमधून सामिष चालतं, अशा माणसाला इंग्रजीत नाव मिळालं ते मात्र अलीकडे : फ्लेक्सिटेरियन. अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने २००३चा सर्वांत उपयुक्त शब्द म्हणून त्याचीच निवड केली होती.

शब्दाची फोड सोपी वाटते. ‘फ्लेक्सिबल’, म्हणजे लवचीक, याचं डोकं आणि ‘व्हेजिटेरियन’चं शेपूट. गंमत सांध्यात आहे. १८४७मध्ये इंग्लंडात रॅम्सगेटला व्हेजिटेरियन सोसायटी स्थापन झाली आणि ‘व्हेजिटेरियन’ रूढ झाला. त्याआधी अशा जेवणाला पायथागोरसचा आहार म्हणत. या शब्दातला ‘ट’ आहे ‘व्हेजिटेबल’चा. प्रत्यय फक्त ‘एरियन’. पण बोलणाऱ्यांच्या कानाने तो ‘ट’ प्रत्ययाला जोडून टाकला आणि आहाराची पद्धत सांगणारा ‘टेरियन’ हा नवाच प्रत्यय जन्माला आला. मग मासे खाणारा पेस्केटेरियन झाला, मांस कमी करणारा रिड्यूसटेरियन. ‘हॅम्बर्गर’ही असाच तुटला. तो हॅम्बुर्ग शहराच्या नावावरून आलेला, पण लोकांना त्यात ‘हॅम’ दिसलं, उरलेला ‘बर्गर’ सुटा झाला, म्हणून आज आपण व्हेज बर्गर मागवू शकतो.

‘व्हीगन’ची गोष्ट वेगळी. तो १९४४मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवून कापला : ‘व्हेजिटेरियन’ची इंग्रजीतली पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरं.

चुकीच्या फोडीला कमी लेखू नये. ऋग्वेदात ‘असुर’ हे विशेषण वरुणासारख्या देवालाही आदराने लावलेलं आहे. पुढे त्यातला ‘अ’ नकाराचा समजला गेला, आणि तो काढून देव या अर्थाचा ‘सुर’ तयार झाला. ‘विधवा’तला ‘वि’ उपसर्ग मानल्यामुळे नवरा या अर्थाचा ‘धव’ निघाला, त्यावरून ‘सधवा’. हे शब्द शतकानुशतकं टिकले. भाषा व्युत्पत्ती विचारून चालत नाही, कानाला पटेल तिथे ती शब्द तोडते.

फ्लेक्सिटेरियनला मराठीत काय म्हणावं? ‘वार पाळणारा’ जवळचा आहे, पण नेमका नाही. वाराला नियम असतो, मागे श्रद्धा असते. फ्लेक्सिटेरियन आपल्या सवडीने, बहुधा प्रकृतीसाठी किंवा पर्यावरणासाठी मांस कमी करतो. निमसरकारी, निमशहरी हे शब्द आपण रोज वापरतो. त्याच चालीवर ‘निमशाकाहारी’ मला योग्य वाटतो. वाचकांनी तो बोलण्यात वापरून पाहावा.