शून्य नक्की कुठे?

नागपूरकरासमोर शून्याचं नाव काढलं की त्याला झीरो माइल आठवतो. १९०७ साली सर्वेक्षणाच्या कामात उभारलेला तो खांब आणि शेजारचे घोडे. गंमत अशी की नाव शून्य असलं, तरी समुद्रसपाटीपासून त्याची उंची आहे सुमारे १०२० फूट. उंची मोजणाऱ्यांचं शून्य इथे नव्हतंच, ते दूर समुद्रावर होतं. माझी सगळी नोकरी अशाच शून्यांच्या मागे गेली. कारखान्यात हवेवर फिरणारे व्हॉल्व्ह असतात, त्यांचा 'झीरो लावणं' हे माझं काम.

मोठ्या पाइपच्या आत एक गोल तबकडी असते. प्रवाहाला छाती दाखवून ती उभी राहिली की पाणी बंद. पाव फेरी फिरून कड दाखवली की चालू. ती फिरवणारा वरचा डबा म्हणजे ॲक्च्युएटर. त्यात सायकलच्या पंपात असतात तसे दोन दट्टे समोरासमोर बसवलेले. कॉम्प्रेसरची हवा आली की ते सरकतात आणि मधलं दातेरी चाक ९० अंशांत फिरतं. विजेची मोटर का नाही? हवेची ठिणगी पडत नाही. शिवाय आत स्प्रिंग घातली, तर हवा गेली तरी व्हॉल्व्ह ठरवून दिलेल्या जागी आपोआप परततो.

हुकूम येतो कंट्रोल रूममधून, ४ ते २० मिलिॲम्पिअर करंटच्या रूपात. ४ म्हणजे बंद, २० म्हणजे पूर्ण उघडा. बंदसाठी ० का नाही, असं नवी मुलं हमखास विचारायची. अहो, वायर तुटली तरी ० च येणार! मग हुकूम कोणता आणि बिघाड कोणता, हे ओळखायचं कसं? तो हुकूम वाचून हवी तेवढी हवा सोडतो तो पोझिशनर.

एका मे महिन्यातली गोष्ट. नागपूरजवळच्या एका कारखान्यात पाण्याची टाकी साफ करायची होती. पडद्यावर व्हॉल्व्ह ० टक्के, वरचा बाण 'बंद'वर. हेल्पर आत उतरला. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "साहेब, पाणी येऊन राहिलं न!" घोट्यापर्यंत पाणी होतं. तो धडपणे वर आला, म्हणून आज हे सांगता येतं.

चूक आमचीच होती. आधीच्या दुरुस्तीत ॲक्च्युएटर उतरवून परत बसवला, तेव्हा जोडणी किंचित फिरलेली राहिली. तबकडी सहा-सात अंश उघडी होती. बाण बसलेला ॲक्च्युएटरच्या दांड्यावर आणि पडद्यावरचा आकडाही तिथूनच आलेला. दोघांपैकी कोणीही पाइपात डोकावलेलं नव्हतं.

म्हणून शून्य लावायची सुरुवात इलेक्ट्रिकच्या वायरीपासून करायची नसते. आधी लाइन बंद आणि रिकामी करायची, हवा सोडून द्यायची. तबकडीच्या दांड्याच्या टोकावर एक खाच असते, ती तबकडी कशी उभी आहे ते दाखवते. ती पाहून तबकडी खरोखर बंद बसवायची आणि मगच ॲक्च्युएटर जोडायचा. कडेच्या दोन बोल्टांनी फेरीची दोन्ही टोकं काही अंशांनी मागेपुढे करता येतात, ती पक्की करायची. त्यानंतर पोझिशनर. ४ देऊन शून्य लावायचं, २० देऊन दुसरं टोक. पण जुन्या पोझिशनरमध्ये दुसरं टोक हलवलं की पहिलं सरकतं, म्हणून पुन्हा शून्य, पुन्हा दुसरं टोक, दोन्ही जुळेपर्यंत. शेवटी २५, ५०, ७५ टक्क्यांना चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा तपासायचं. चढतानाची आणि उतरतानाची जागा वेगळी आली, तर कुठेतरी ढिलाई आहे किंवा काही घासतंय.

आता बटण दाबलं की पोझिशनर स्वतःच दोन्ही टोकं शोधतो. फार सोय झाली, पण त्याला शून्य ठाऊक नसतं. जिथे अडकला, तेच तो शून्य धरतो. बैठकीत लाकडाचा तुकडा अडकला असेल, तर तो तुकडाच त्याचं शून्य!

आणि शून्य कितीही बरोबर असलं, तरी अशा व्हॉल्व्हच्या भरवशावर माणूस टाकीत उतरवायचा नाही. आधीचा हातानं फिरवायचा व्हॉल्व्ह आम्ही त्या दिवशी फिरवला नव्हता, कारण तो जाम होता आणि ऊन फार होतं. पुढे त्याला साखळी-कुलूप आलं. तो हेल्पर साखळी स्वतः ओढून बघायचा, कुलपाची किल्ली खिशात टाकायचा आणि मगच शिडीवर पाय ठेवायचा. माझ्या झीरोबद्दल त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.