एका सेकंदाची दुरुस्ती : संगणकाचे कर्नेल आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या

नवी दिल्लीत मंडी हाउसच्या चौकापासून इंडिया गेटकडे जाणाऱ्या रस्त्यास कोपर्निकस मार्ग असे नाव आहे. जुने महाराष्ट्र सदन याच मार्गावर असल्यामुळे राजधानीस जाणाऱ्या मराठी माणसांना तो परिचित आहे. ज्या ज्योतिर्विदाचे हे नाव आहे त्या निकोलस कोपर्निकसने, १५४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, पृथ्वी स्वतःभोवती फिरते व सूर्यासही प्रदक्षिणा घालते, असा सिद्धान्त मांडला. दिवस व रात्र ही पृथ्वीच्या परिवलनाची फळे होत, हे आज शाळेतील मुलासही ठाऊक असते. परंतु हे परिवलन अगदी एकसारख्या गतीने होत नाही, आणि त्या अल्पशा अनियमितपणामुळे २०१२ साली जगातील अनेक संगणक अडचणीत आले, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही.

चंद्राच्या आकर्षणामुळे सागरास भरती-ओहोटी येते व तिच्या घर्षणाने पृथ्वीची गती अत्यंत सावकाश मंदावते. पृथ्वीच्या अंतर्भागातील हालचालींमुळेही तीत किंचित चढउतार होतात. आण्विक घड्याळे पृथ्वीहून कितीतरी अधिक नियमित असतात. या दोहोंचा मेळ राहावा म्हणून १९७२ पासून जागतिक प्रमाणवेळेत अधूनमधून एक जादा सेकंद घालण्यात येऊ लागला. यास ‘लीप सेकंद’ म्हणतात. भारताची प्रमाणवेळ राखण्याचे काम दिल्लीतीलच राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याने हा जादा सेकंद आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या ठोक्यापूर्वी येतो. १ जुलै २०१२ रोजी ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंद झाल्यावर लगेच साडेपाच वाजले नाहीत. मध्ये साठावा सेकंद आला.

या सेकंदाचा संगणकाशी संबंध कसा येतो, हे समजण्यासाठी ‘कर्नेल’ म्हणजे काय ते पाहू. या इंग्रजी शब्दाचा अर्थ दाण्यातील गर. संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो अगदी आतला गाभा, त्यास कर्नेल म्हणतात. स्मृतीतील जागा कोणत्या कार्यक्रमास द्यावी, कोणाचे काम केव्हा करावे, तबकडीवर काय लिहावे, या सर्वांचा निर्णय कर्नेल करते. घड्याळ राखणे व ठरलेल्या क्षणी कार्यक्रमांना जागे करणे हेही त्याचेच काम. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिलेले लिनक्स हे कर्नेल मुक्तस्रोत आहे. म्हणजे त्याची संपूर्ण संहिता कोणासही वाचता येते, दुरुस्त करता येते आणि दुरुस्ती इतरांना देता येते.

२०१२ मध्ये घडले ते असे. एखाद्या शाळेत भिंतीवर मोठे घड्याळ आहे आणि घंटा देणारा शिपाई मात्र स्वतःच्या मनगटी घड्याळाकडे पाहतो, अशी कल्पना करावी. भिंतीवरील घड्याळ एक सेकंद मागे घेतले, पण शिपायास कोणी कळविले नाही. आता कोणी “मला अर्ध्या सेकंदाने जागे कर” असे मोठ्या घड्याळाप्रमाणे सांगितले, तर शिपायाच्या घड्याळात ती वेळ टळूनच गेलेली असते. तो तत्काळ घंटा देतो. जागा झालेला माणूस पुन्हा तीच विनंती करतो, आणि पुन्हा तत्काळ घंटा होते. लिनक्सच्या कर्नेलमध्ये नेमके हेच झाले. जादा सेकंद घातला गेला, परंतु गजर सांभाळणाऱ्या भागास त्याची सूचना मिळाली नाही. परिणामी अनेक यंत्रे काहीही उपयुक्त काम न करता पूर्ण शक्तीनिशी फिरत राहिली. जगातील कित्येक संकेतस्थळे बंद पडली.

तात्पुरता उपाय काही तासांतच सापडला व यंत्रे सांभाळणाऱ्यांनी तो एकमेकांस कळविला. संगणकाची वेळ, ती होती तीच, हाताने एकदा पुन्हा लावावयाची. तसे केले की कर्नेल गजराच्या भागास सूचना देई आणि यंत्र शांत होई. कायमच्या उपायास मात्र अधिक विचार लागला. वेळ बदलताक्षणीच सूचना दिली तर यंत्र अडकून पडण्याचा धोका होता. म्हणून जॉन स्टुल्ट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी, सूचना राखून ठेवून ती सुरक्षित क्षण येताच द्यावी, अशी योजना केली. २१ जुलै २०१२ रोजी प्रसिद्ध झालेल्या ३.५ या आवृत्तीत ही दुरुस्ती अंतर्भूत होती. जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्यांसाठीही ती देण्यात आली.

अशी दुरुस्ती सामान्य संगणकापर्यंत टप्प्याटप्प्याने पोहोचते. प्रथम ती मूळ कर्नेलमध्ये स्वीकारली जाते. या कर्नेलची नवी आवृत्ती साधारणतः दर नऊ-दहा आठवड्यांनी निघते. त्यानंतर दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या स्थिर आवृत्त्यांत ती उतरविली जाते. तेथून ती डेबियनसारख्या संपूर्ण कार्यप्रणालींत येते. पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेची ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे. आवृत्तीचा क्रमांक ३.४.५ असा असेल, तर पहिले दोन अंक मूळ आवृत्ती दाखवितात आणि शेवटचा अंक तीवर निघालेल्या दुरुस्तीसंचाचा असतो. हा शेवटचा अंक वाढला म्हणजे बहुधा नवी सोय आलेली नसते. जुना दोष गेलेला असतो.

शाळेतील वा ग्रंथालयातील संगणक सांभाळणाऱ्याने यावरून काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. कर्नेलची नवी आवृत्ती आपल्या प्रणालीच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावी. तेथील संचावर अंकीय स्वाक्षरी असते व मार्गात कोणी फेरफार केल्यास ती जुळत नाही. नवे कर्नेल तबकडीवर आले तरी चालू यंत्रात सामान्यतः जुनेच काम करीत असते. यंत्र पुन्हा सुरू केल्याशिवाय दुरुस्ती लागू होत नाही. तसेच जुने कर्नेल लगेच काढून टाकू नये. नव्यात अडचण आलीच, तर यंत्र सुरू होताना जुने निवडून काम पुढे चालविता येते.

यानंतर १ जानेवारी २०१७ रोजी पहाटे राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने भारतीय वेळेत पुन्हा एक सेकंद मिळविला. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये राष्ट्रांच्या वजनमाप परिषदेने, पृथ्वीची वेळ व आण्विक वेळ यांत चालू शकणारे अंतर २०३५ पर्यंत वाढवावे, असे ठरविले. तेव्हा लीप सेकंदाचा प्रश्न कदाचित मागे पडेल. कर्नेलमध्ये दोष निघणे मात्र थांबणार नाही, कारण ते माणसांनी लिहिलेले आहे. त्याची संहिता सर्वांसमोर उघडी असल्यामुळे दोष शोधणारे डोळे पुष्कळ मिळतात. सापडलेली दुरुस्ती आपल्या यंत्रापर्यंत वेळेवर आणणे, हे काम मात्र ते यंत्र सांभाळणाऱ्याचेच राहते.