बारा वाजले, चला रांगेत!

इतरांचे बारा वाजले की ते घाबरतात. पुस्तकवेड्यांचे बारा वाजले की पार्टी सुरू!

शटर अर्धं खाली, आत खोक्यांची थप्पी, बाहेर फुटपाथवर गोल चष्मे आणि काळे झगे घातलेली पोरं, आणि शेजारी आपली जिवाभावाची मैत्रीण. मिडनाइट बुक रिलीज म्हणतात ती हीच रात्र! या रात्रींच्या पोतडीत इतके भन्नाट किस्से आहेत की रांग कितीही लांब असो, पुरून उरतील. चला तर मग, सरका पुढे!

माहीत आहे का, हॅरी पॉटरच्या पुस्तकांची विक्री बाराच्या ठोक्याला नाही, तर १२ वाजून १ मिनिटाने सुरू व्हायची? ‘रात्री बारा’ म्हटलं की आजची रात्र की उद्याची, असा घोळ होतोच. घड्याळ एक मिनिट पुढे सरकलं की तारीख फिक्स!

त्याआधीचा मुहूर्त तर आणखी गमतीचा. तिसरं पुस्तक ब्रिटनमध्ये ८ जुलै १९९९ ला विक्रीला आलं, ते दुपारी पावणेचार वाजता. का? अहो, शाळा सुटायला नको का! सकाळी पुस्तक आलं असतं तर पोरांनी थेट दांडीच मारली असती.

मग पुढच्याच वर्षी, ८ जुलै २००० ला, चौथ्या भागासाठी मध्यरात्रीचा धमाका झाला. लेखिका जे. के. रोलिंग तर लाल रंगात सजवलेल्या वाफेच्या गाडीत बसून लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवरून स्कॉटलंडमधल्या पर्थला निघाल्या. एकदम झुकझुक प्रमोशन!

आता मोबाइलमधलं कॅलेंडर उघडा. चौथ्या ते सातव्या भागाच्या तारखा पाहा: ८ जुलै २०००, २१ जून २००३, १६ जुलै २००५, २१ जुलै २००७. चारही मध्यरात्री, चारही शनिवार! रात्रभर जागा, तिकडे शनिवारी सकाळी शाळेची घंटा नाही. मुलांचा इतका विचार करणारं वेळापत्रक मला तरी फार आवडतं.

आणि ही सगळी धमाल सुरू कुठून झाली? १९९७ साली आलेल्या पहिल्या भागाच्या पहिल्या छपाईत हार्डबॅक प्रती होत्या फक्त ५००. दहा वर्षांनी सातव्या भागाची एकट्या अमेरिकेतली पहिली छपाई होती १ कोटी २० लाखांची. यालाच म्हणायचं जादू!

बरं, लंडनच्या घड्याळात १२:०१ झाले की आपल्याकडे किती वाजतात? तिकडच्या उन्हाळ्यात पहाटेचे ४:३१! म्हणजे मुंबई-पुण्याच्या पॉटरप्रेमींची मिडनाइट पार्टी थेट काकड आरतीच्या वेळेला. अलार्म लावा, मैत्रिणीला मिस्ड कॉल द्या, आईला ‘आलेच’ म्हणा आणि दुकान उघडायच्या आत दारात हजर व्हा!

इस्राएलमध्ये तर घड्याळाने चक्क धर्मसंकट उभं केलं. २००७ मधला सातव्या भागाच्या विक्रीचा क्षण तिथे पडला शनिवारी पहाटे २:०१ ला, म्हणजे ऐन शब्बाथमध्ये, जेव्हा दुकानं बंद ठेवायची असतात. मंत्र्यांनी दंडाची तंबी दिली. तरी काही दुकानांनी दारं उघडलीच.

आता जरा मैत्रिणीकडे वळू. रांगेत सोबत असली की वेळ पळतो, हे आपल्याला ठाऊक असतंच. पण माहीत आहे का, यावर चक्क अभ्यासपूर्ण लेख आहे? डेव्हिड मेस्टर या हार्वर्डच्या प्राध्यापकांनी १९८५ मध्ये वाट पाहण्याचं मानसशास्त्र मांडलं. एकट्याने वाट पाहिली की ती लांबलचक वाटते, सोबतीने पाहिली की आखूड. रिकामं बसलं की मिनिटं रेंगाळतात, हाताला काम असलं की धावतात. थोडक्यात, मैत्रीण आणि पत्त्यांचा कॅट सोबत घ्या, निम्मी रांग तिथेच संपली!

मैत्रिणीचा आणखी एक फायदा, शुद्ध गणिती. समजा दुकानात तीन काउंटर आणि तीन सारख्याच रांगा आहेत. आपलीच रांग सगळ्यात वेगवान असण्याची शक्यता किती? तीनात एक. शेजारचीच पुढे सरकते असं नेहमी वाटतं ना, ते खोटं नाहीच! पण मैत्रीण दुसऱ्या रांगेत उभी राहिली की शक्यता होते तीनात दोन. मैत्रीचा असा रोख परतावा दुसरीकडे कुठे मिळणार?

त्या रांगेत चालायचं काय? मार्करने एकमेकींच्या कपाळावर हॅरीसारखी विजेची खूण काढायची. ती उलटी आली की पुसून पुन्हा काढायची. हाताला नंबराचा पट्टा बांधून घ्यायचा. ‘हॅरीचा मास्तर स्नेप चांगला की वाईट?’ यावर अनोळखी माणसांशी कडाकडा भांडायचं आणि पाचव्या मिनिटाला त्यांच्याच वेफर्सच्या पाकिटात हात घालायचा. बॉर्डर्स या अमेरिकन दुकानसाखळीने २००७ मध्ये या भांडणाचे स्टिकरच वाटले होते. एक स्नेपच्या बाजूचा, एक विरुद्ध. छातीवर चिकटवा आणि उतरा मैदानात!

पण सावधान! २००५ मध्ये सहाव्या भागाच्या रांगेजवळून गाडीतून जाताना गोष्टीतलं सगळ्यात मोठं गुपित ओरडून सांगणारे महाभागही निघाले. त्याचा व्हिडिओ इंटरनेटवर गाजला. हा प्रकार मला अजिबात सहन होत नाही. दोन वर्षं जपलेली उत्सुकता कुणी दोन सेकंदांत हिसकावून न्यावी?

आता थोडा क्राइम सीन. जून २००३, इंग्लंडच्या मर्सीसाइड भागातलं न्यूटन-ले-विलोज. पाचव्या भागाची विक्री सुरू व्हायला आठवडाही उरला नव्हता आणि पुस्तकांनी भरलेला अख्खा ट्रेलरच गायब झाला! माल किती? ७,६८० प्रती. सोनं नाही, नोटा नाहीत, कादंबरी चोरली राव!

आणि आता माझ्या मते या यादीतला नंबर वन किस्सा. स्थळ कॅनडा, व्हँकुव्हरजवळचं कॉक्विटलम. काळ जुलै २००५. एका सुपरमार्केटमध्ये चुकून सहाव्या भागाच्या प्रती तारखेआधीच शेल्फवर लागल्या. गिऱ्हाइकांनी उचलल्या, बिल झालं, पिशवीत पडल्या. किती? फक्त १४! पण प्रकाशक थेट ब्रिटिश कोलंबियाच्या सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टाने आदेश दिला की १६ जुलैच्या १२:०१ पर्यंत या १४ प्रती विकायच्या नाहीत, त्यातलं कुणाला सांगायचं नाही आणि वाचायच्याही नाहीत! विचार करा, रोख पैसे मोजून घेतलेलं पुस्तक, घरात टेबलावर पडलेलं, आणि ते उघडायला कोर्टाची बंदी. मुदतीआधी प्रत परत करणाऱ्यांसाठी हॅरी पॉटरचा टी-शर्ट आणि सही केलेली प्रत, अशी ऑफरही होती. मी असते तर सहीच्या प्रतीसाठी धावत सुटले असते!

दोन वर्षांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तर सातव्या भागाचं परीक्षण १९ जुलैलाच छापून टाकलं. प्रत कुठून आली? शहरातल्याच एका दुकानातून, आधीच विकत घेतलेली. लेखिका जाहीरपणे नाराज झाल्या.

पैशाची गंमत ऐकायची आहे? त्याच पुस्तकाची ब्रिटनमधली छापील किंमत होती १७.९९ पौंड. ॲस्डा या सुपरमार्केट साखळीने ते विकलं ५ पौंडांना! काही छोट्या दुकानदारांना घाऊक दरापेक्षा सुपरमार्केटचा भाव स्वस्त पडला. त्यांनी तिथेच रांग लावून प्रती उचलल्या. दुकानदारच गिऱ्हाईक!

आता रेकॉर्ड, रेकॉर्ड, रेकॉर्ड. २१ जुलै २००७ ला अमेरिकेत पहिल्या २४ तासांत सातव्या भागाच्या ८३ लाख प्रती खपल्या. कॅल्क्युलेटर काढा. दर सेकंदाला साधारण ९६! १८१४ मध्ये लॉर्ड बायरनच्या ‘द कॉर्सेर’ या काव्याच्या १०,००० प्रती एका दिवसात खपल्या, तेव्हा सगळं लंडन थक्क झालं होतं. पॉटरच्या वेगाने त्या पावणेदोन मिनिटांत उडाल्या असत्या. १९६० मध्ये बंदीतून सुटलेल्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीच्या पहिल्या दिवशी २ लाख प्रती गेल्या. तेव्हाही लंडनच्या दुकानांबाहेर रांगा होत्या, पण त्यात काळे झगे नव्हते.

पॉटर बेस्टसेलर यादीवरून हलेचना, म्हणून ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जुलै २००० मध्ये मुलांच्या पुस्तकांची यादीच वेगळी केली. हॅरीला जागा करून द्यायला नव्हे हं, मोठ्यांच्या पुस्तकांना श्वास घेता यावा म्हणून!

फ्रान्समध्ये २००३ साली लोकांना फ्रेंच अनुवादाची वाट पाहवेना. परिणाम असा की पाचवा भाग तिथल्या बेस्टसेलर यादीत पहिला आला, तोही इंग्रजीतला. असा मान मिळवणारं ते पहिलंच इंग्रजी पुस्तक.

फक्त जादूगारांसाठीच रांगा लागतात? छे! जपानमध्ये हारुकी मुराकामी यांच्या नव्या कादंबरीसाठी मध्यरात्री काउंटडाउन होतं. १३ एप्रिल २०२३ ला टोकियोच्या शिंजुकूमधल्या किनोकुनिया दुकानाने रात्री बाराला विक्री सुरू केली. शांत, ओळीत, घड्याळाकडे डोळे लावून उभे असलेले वाचक. झगे नाहीत, पण वेड तेवढंच.

जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या काही दुकानांनी पुन्हा मध्यरात्री दारं उघडली. पुन्हा हॅरीच! पण हा जादूगार नाही, राजपुत्र. प्रिन्स हॅरीच्या ‘स्पेअर’ या आत्मकथेच्या पहिल्या दिवशी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन मिळून १४ लाख ३० हजार प्रती गेल्या. आणि गुपित? स्पेनमधल्या काही दुकानांनी पुस्तक पाच दिवस आधीच शेल्फवर लावून टाकलं होतं!

ही क्रेझ ओसरली असं वाटतंय? जानेवारी २०२५ मध्ये रेबेका यारोस यांच्या ‘ऑनिक्स स्टॉर्म’साठी पुन्हा मिडनाइट पार्ट्या रंगल्या. या वेळी गोष्टीत ड्रॅगन होते. आठवड्याभरात २७ लाख प्रती फस्त!

बरं, पुस्तक हातात पडलं. आता वाचायला किती वेळ? वेगवाचनाच्या चॅम्पियन ॲन जोन्स यांनी २००७ मध्ये हॅरी पॉटरचा ६०७ पानांचा सातवा भाग ४७ मिनिटांत संपवला. आणि ज्यांना ऐकायचाच होता, त्यांच्यासाठी जिम डेल यांनी त्याच्या ऑडिओबुकमध्ये १४६ पात्रांना १४६ वेगळे आवाज दिले. तेव्हा गिनीज बुकात नोंदही झाली!

४७ मिनिटं म्हणजे १२:०१ ला प्रत मिळाली की १२:४८ ला शेवट माहीत. अशी मैत्रीण रांगेत आपल्या पुढे उभी असेल तर आत्ताच नंबर बदलून घ्या!